सड्यावरून पाठवलेले लोकेशन

माझी थोरली बहीण एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गेली. भिंतीवरचे घड्याळ सव्वासात दाखवत होते. ते पाच मिनिटे पुढे असते. ठिकाण गुहागर तालुक्यातली खाडीकाठची एक वाडी, तिचे राहते घर. वय एकोणऐंशी. त्या वेळी खोलीत मी आणि माझी भाचेसून, दोघेच होतो. भाचा नोकरीसाठी मुंबईत.

ताईने अकरा वर्षांपूर्वी नेत्रदानाचा अर्ज भरला होता. त्याचे कार्ड देव्हाऱ्याच्या फळीला टाचणीने लावलेले असे. आदल्या रविवारी, तिला बोलणे जमत होते तेव्हा, तिने मला ते काढून आणायला सांगितले आणि मागचा नंबर मोठ्याने वाचायला लावला.

"बरोबर वाचलास," ती म्हणाली. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले होते तिने. "आता ऐक. भटजी बोलवा, नाहीतर नका बोलवू, दिवस करा, न करा. ते तुमचं तुम्ही बघा. हे मात्र व्हायला हवं."

दुसरे काही तिने मागितले नाही.

कार्डावर छापले होते: मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. म्हणजे दुपारी एक वाजून दहा मिनिटांपर्यंत.

वाडीत मोबाईलला रेंज नाही. घरे खाडीच्या पातळीला, मागे सरळ डोंगर. लँडलाइन बंद पडून पुष्कळ वर्षे झाली. फोन करायचा तर पाखाडी चढून वर जायचे. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. आमची दोनशे चौदा पायऱ्यांची आहे. ताई शाळेतल्या मुलांना त्या मोजायला लावत असे. पायऱ्या संपल्या की सडा लागतो, कातळाचे सपाट माळरान. तिथे एका काजूच्या झाडाखाली बसायला दगड आहे. वाडीतले सगळे मुंबईशी तिथूनच बोलतात.

मी सात वाजून पस्तीस मिनिटांनी त्या दगडापाशी होतो. आधी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "निघतो." मग कार्डावरचा नंबर लावला. चिपळूणच्या बाजूच्या नेत्रपेढीत एका बाईंनी फोन घेतला. त्यांनी मृत्यूची वेळ विचारली, वय विचारले, आणि सूचना दिल्या: पापण्या मिटवा, त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, डॉक्टरांचा दाखला तयार ठेवा. पथक सकाळी दुसऱ्या ठिकाणी गेले होते. ते परतल्यावर साडेदहाच्या पुढे आमच्याकडे निघणार होते.

"पत्ता सांगू का?" मी विचारले.

"लोकेशन पाठवा. पत्त्यांनी फार घोळ होतो तुमच्या भागात. आत्ताच पाठवा, फोन ठेवल्याठेवल्या."

मी पाठवले. नकाशावर खूण उमटली. ती मी नीट पाहिली. खुणेच्या भोवती हिरवट पांढऱ्या रंगाशिवाय काही नव्हते. आमच्या वाडीभोवतीही त्या नकाशात काही नसते, त्यामुळे शंका आली नाही.

खाली येऊन पंखा बंद केला. भाचेसुनेने कापूस भिजवून ठेवला. उशीवरून शेजाऱ्यांनी हरकत घेतली. हे साठीचे गृहस्थ, सुपारीची बाग आहे त्यांची. त्यांची तिन्ही मुले ताईच्या हाताखाली शिकली. घरात पहिली मदत त्यांचीच झाली होती.

"खाली जमिनीवर घेतलंय आणि आता उशी?" ते म्हणाले. "मेल्या माणसाला उशी कोण देतं? मामा, तुम्ही तरी सांगा हिला." भाचा मला मामा म्हणतो, म्हणून सगळी वाडीच मामा म्हणते.

"मीच ठेवायला सांगितली," मी म्हणालो.

"आणि तुम्हाला कोणी सांगितलंन?"

"फोनवर सांगितलं."

"फोनवाल्यान सांगितलंन की उशी, फोनवाल्यान सांगितलंन की पंखा बंद. उद्या सांगेल, बाईंना उठवून बसवा." पण ते तिथेच बसले आणि उशीला हात लावला नाही.

साडेआठला प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर येऊन दाखला देऊन गेले. नऊ वाजता मी पुन्हा सड्यावर गेलो. नेत्रपेढीने सांगितले की लोकेशन मिळाले आहे, बारा-सव्वाबारापर्यंत पथक पोहोचेल. मी खाली आलो तेव्हा पंखा चालू होता. खोलीत बायका दाटीने बसल्या होत्या. उकाडा सहन न होऊन कोणीतरी लावला होता. भाचेसून मागच्या पडवीत होती. पंखा किती वेळ चालला हे कोणालाच सांगता आले नाही. कापूस एका बाजूने सुकला होता. तो पुन्हा भिजवला.

अंगणात माझी गाडी उभी होती. तिच्याबद्दल इथे सांगणे आवश्यक आहे. ती सहा वर्षांपूर्वी घेतली. तिच्यात नकाशाची यंत्रणा बसवलेलीच आली, मधोमध पडदा आणि आतून बाईचा आवाज. तिला रेंज लागत नाही. नकाशा गाडीतच साठवलेला आहे आणि जागा थेट उपग्रहावरून कळते. घाटात फोन मुका झाला तरी ती बोलत राहते. पण तो नकाशा जुना आहे. नवा करायचा तर शोरूमला जावे लागते; मी गेलो नाही. त्यामुळे महामार्ग चौपदरी झाला तेव्हापासून पडद्यावर माझी गाडी मोकळ्या रानातून धावते आणि बाई सांगत राहते, शक्य असेल तिथे मागे वळा. तिला कंटाळून मी फोन डॅशबोर्डवर चिकटवून वापरू लागलो आणि तिचा आवाज शून्यावर नेला.

ताई एकदा त्या गाडीतून गुहागरपर्यंत आली होती. पडद्यावर तिने आपली शाळा शोधली. ती नव्हती. "जन्मभर बातम्या लिहिल्यास," ती म्हणाली, "आणि घरी यायला बाई रस्ता सांगते. तिला म्हणावं, आधी शाळा दाखव, मग मला वळायला सांग."

पावणेबाराला मी शेजाऱ्यांना घेऊन वाडीच्या रस्त्यावर गेलो. रस्ता ग्रामपंचायतीकडून येतो आणि आमच्या मोरीपाशी, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापाशी, संपतो. गाडी आली असती तर तिथूनच. मोरीच्या कठड्यावर बसून दोघे वाट पाहत राहिलो. एक टेम्पो आला, तो माशांचा होता. बारा वाजून पाच मिनिटांनी एक मोटारसायकल आली, ती टपालाची. सव्वाबारा झाले. बारा वीस झाले. माझ्या फोनवर रेंजची एकही रेघ नव्हती, तरी मी दर मिनिटाला तो काढून पाहत होतो.

"त्यांना घर ओळखू येईल ना?" शेजाऱ्यांनी विचारले.

"लोकेशन पाठवलंय."

"लोकेशन म्हणजे नक्की काय असतं हो? आमचा मुलगा पण सारखा म्हणतो, बाबा लोकेशन टाका."

"आपण पाठवताना जिथे उभे असतो ती जागा. फोन ती नकाशावर दाखवतो. गाडी बरोबर तिथे येते."

त्यांनी मान वळवून डोंगराकडे पाहिले. मग म्हणाले, "मामा, तुम्ही पाठवलंत तेव्हा उभे कुठं होतात?"

बारा वाजून चोवीस मिनिटे झाली होती.

सड्यावर आमच्या वाडीचा रस्ता जात नाही. वर जाणारा रस्ता पलीकडच्या गावातून येतो, चिरे वाहणाऱ्या ट्रकांनी पाडलेला, आणि चिरेखाणीपाशी संपतो. तिथून आमच्या घरी गाडीने यायचे तर सगळा डोंगर उतरून वळसा घ्यावा लागतो.

मी पाखाडीकडे पळालो. पळालो हे पहिल्या चाळीसेक पायऱ्यांपुरते खरे आहे. माझे वय तेव्हा सहासष्ट होते. शेजारी पुढे गेले. दीडशेव्या पायरीच्या आसपास खिशातला फोन थरथरू लागला आणि थांबेना. न लागलेल्या कॉलचे नऊ संदेश आले. पहिला बारा वाजून सहा मिनिटांचा. मी तो नंबर लावला.

"साहेब, कुठे आहात तुम्ही?" ड्रायव्हर होता. "आम्ही अर्धा तास झाला पोचलोय. फोन म्हणतो, तुम्ही आलात. इथे घर नाही, दार नाही. खाण आहे नुसती."

"खाणीत कोणाला विचारलंत?"

"कामगार आहेत, ते विजापूरचे. त्यांना वाडीतलं कोणी ठाऊक नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मी मॅडमना तिठ्यावरच बोललो होतो. जुन्या अर्जावरचं गावाचं नाव मी निघतानाच गाडीतल्या नकाशात घातलेलं. ती बाई सरळ जा म्हणत होती, फोन डावीकडे घे म्हणत होता. मॅडम म्हणाल्या, घरच्यांनी पाठवलंय, घरचे आपल्या घराचा पत्ता चुकवतील होय?"

सरळ रस्ता ग्रामपंचायतीपाशी येतो. तिथून ताईचे घर कोणीही दाखवले असते.

मी म्हणालो, "चूक माझी आहे. गाडीने खाली यायला किती वेळ लागेल?"

"खडीचा रस्ता आहे. पाऊण तास धरा."

पाऊण तास म्हणजे एक वाजून वीस मिनिटे. फोन डॉक्टर बाईंच्या हातात गेला. आवाज तिशीतला.

"चालत वाट आहे का?"

"आहे. दोनशे चौदा पायऱ्या."

"तुम्ही कुठे आहात?"

"काजूच्या झाडाकडे येतोय. एकच झाड आहे सड्यावर. तिकडे चालत या."

मी वर पोहोचलो तेव्हा शेजारी कातळावर उभे राहून डोक्यावरचा पंचा हवेत फिरवत होते. खाणीच्या बाजूने दोघे येताना दिसले, पुढे डॉक्टर, मागे औषधांची पेटी आणि बर्फाचा डबा घेतलेला ड्रायव्हर. कातळ तापला होता. त्यांना आमच्यापर्यंत यायला सात मिनिटे लागली. बारा सत्तेचाळीस.

"वेळ नक्की सात दहाचीच ना?" डॉक्टरांनी चालता चालताच विचारले.

"घड्याळात सव्वासात होते. ते पाच मिनिटे पुढे आहे. मी माझ्या मनगटावरचेही पाहिले होते."

लगेच पायऱ्या उतरू लागलो. शेजाऱ्यांनी ड्रायव्हरच्या हातातून बर्फाचा डबा घेतला, कारण त्याचे पाय पायऱ्यांना सरावलेले नव्हते. घराच्या अंगणात आलो तेव्हा बारा अठ्ठावन्न.

डॉक्टरांनी हात धुतले, दाखला वाचला, ताईच्या पापण्यांवरचा कापूस बोटाने चाचपला. मग उशीकडे पाहून म्हणाल्या, "हे छान केलंत. बरेच जण ठेवत नाहीत." शेजारी दारात उभे होते. 

संमतिपत्रावर घरच्या माणसाची सही आणि दोन साक्षीदार लागत होते. भाचेसुनेने सही केली. एक साक्षीदार मी. दुसरे शेजारी. त्यांनी चष्मा मागवून घेतला, तो यायला दोन मिनिटे गेली, आणि पूर्ण कागद वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले. डॉक्टर दाराशी हातमोजे घालून थांबल्या होत्या. भाचेसून घड्याळाकडे बघत होती.

"काका, लवकर," ती म्हणाली.

"बाईंनीच शिकवलंनीत, न वाचता सही करू नका म्हणून," ते म्हणाले, आणि सही केली.

खोलीचे दार एक वाजून पाच मिनिटांनी बंद झाले. एक पस्तीसला उघडले. डॉक्टर बाहेर आल्या. ताईचे डोळे मिटलेले होते, पापण्या नीट बसलेल्या. चेहऱ्यात फरक दिसत नव्हता. गाडी सड्यावरच असल्यामुळे सगळे सामान पुन्हा पाखाडीने वर न्यावे लागले. बर्फाचा डबा शेजाऱ्यांनी खांद्यावर घेतला आणि खाणीपर्यंत पोहोचवला. गाडी एक अठ्ठावन्नला निघाली, असे त्यांनी परत आल्यावर सांगितले.

भाचा साडेतीनला आला. तो गाडीतल्या नकाशावर विसंबला नव्हता, फोनवरही नाही. त्याला रस्ता ठाऊक आहे. पाच वाजता खाडीच्या कडेला अंत्यसंस्कार झाले.

संध्याकाळी, उजेड असतानाच, मी अंगणातली माझी गाडी चालू केली. पडद्यावर एक बटण आहे, ते मी सहा वर्षांत दाबले नव्हते. ते दाबल्यावर गाडी उभी आहे त्या जागेचे अक्षांश आणि रेखांश आकड्यांत दिसतात. त्याला रेंज लागत नाही. ते आकडे कागदावर उतरवून सकाळी सड्यावरून फोनवर वाचून दाखवता आले असते. दुसऱ्या दिवशी मी काजूच्या झाडाखालच्या जागेचे आकडे फोनवर घेतले आणि दोन्ही जागांमधले अंतर काढले. सरळ रेषेत सातशे मीटर. खाणीपासून घरापर्यंत रस्त्याने एकोणीस किलोमीटर. ते मी गाडीने जाऊन मोजले.

बाराव्या दिवशी सकाळी मी पुन्हा दगडापाशी बसलो होतो. नेत्रपेढीचा संदेश आला. त्यात चार ओळी होत्या. पहिलीत कुटुंबाचे आभार मानले होते. दुसरीत लिहिले होते की एका डोळ्याचे पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, रोपणासाठी योग्य ठरले नाही, ते प्रशिक्षणासाठी ठेवले आहे. कारण दिलेले नव्हते. कोणता डोळा, तेही नाही. तिसरीत होते की ज्याला डोळा मिळाला त्याचे नाव कळवले जात नाही.

चौथ्या ओळीत लिहिले होते की दुसरे पारपटल शुक्रवारी एका रुग्णाला बसवण्यात आले.