इंदुताईंच्या तोंडातला विडा

आमच्या शहापूरच्या वाचनालयात इंदुताई गप्प बसलेल्या मी दोनदाच पाहिल्या. पहिल्यांदा तोंडात विडा होता म्हणून.

इंदुताई पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर असतात. राहणार वडगावच्या. जन्म मागाच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे आवाज असा की डोक्यावरची 'शांतता राखा' ही पाटी रोज खजील होते. वाचकानं तोंड उघडायच्या आत त्याचं पुस्तक टेबलावर येतं. फोनवरही तेच. मी आत बसून पुस्तकांचं वर्गीकरण करतो आणि मला कुणी हिंग लावून विचारत नाही, म्हणून मला त्यांचा हेवा वाटतो.

नवी ग्रंथपाल नीलम उचगावची. वाचनालयाची वेबसाइट ती येण्याआधीच झाली होती, पण लोक फोनच करायचे. नीलम म्हणाली, "वाचकांना संगणकापुढं बसवू, एक पुस्तक शोधायला सांगू आणि आपण मागं गप्प बसून बघू. कुठं अडतात ते कळंल." आम्ही सगळ्यांनी इंदुताईंकडे पाहिलं. त्यांचं जे मत, तेच आमचं.

"न्हाय जमायचं," इंदुताई म्हणाल्या.

चहाच्या वेळी खरं कारण बाहेर पडलं. "वेबसाइट सुधारली की फोन थांबणार. मग ह्या टेबलावर म्हातारी कशाला पायजे?"

नीलमनं खोटा धीर दिला नाही. "ते माझ्या हातात न्हाय, आक्का. पण एक दिवस बघा तर खरं. पटलं न्हाय तर विषय बंद." इंदुताई कशाबशा कबूल झाल्या. पण त्यांना वाचक अडलेला बघवत नाही, हे नीलमला ठाऊक होतं. चाचणीच्या दिवशी तिनं त्यांच्यासाठी भला मोठा मसाल्याचा विडा आणला.

पहिल्या बसल्या मालुबाई. वडगावच्याच, घरी पॉवरलूम. हवं ते पुस्तक शोधा म्हटल्यावर त्यांनी एकेक अक्षर दाबत लिहिलं : राजाबाईनं नेलेलं पुस्तक. आमच्याकडे पुस्तक असंच मागतात. लेखकाचं नाव कोण लक्षात ठेवतो? शेजारणीनं चांगलं आहे म्हटलं की तेच हवं असतं, आणि कुणी काय नेलं ते इंदुताईंना पाठ. वेबसाइट म्हणाली, 'काहीही सापडले नाही'. मग मालुबाई वेबसाइटवरच्या 'ललित वाङ्मय' या दारात शिरल्या आणि घाबरून परत आल्या. मागे इंदुताई गाल फुगवून हातवारे करत होत्या. नीलमनं त्यांचा हात घट्ट धरला होता.

शेवटी मालुबाई उठल्या. पदर सावरत म्हणाल्या, "मलाच येत न्हाय. मी उगंच बसलो."

इंदुताईंनी तो अख्खा विडा कसा गिळला कोण जाणे. "तुझी चूक न्हाय गं मालू! आमची हाय!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सुपारीमुळं नव्हतं. मग नीलमकडे वळून म्हणाल्या, "उद्या कुणाला बसवायचं, सांग."

पुढचे वाचक त्यांनीच फोन करून बोलावले. चाचणीला आता आम्ही सगळे बसायचो. 'ललित वाङ्मय' जाऊन 'कथा-कादंबऱ्या' आलं. जुनं नाव मी दिलेलं होतं, त्यामुळे मी थोडा रुसलो, पण माझी कुणी समजूत घातली नाही. आणखी एक गोष्ट दिसली. अडला की जो तो मान वळवून विचारायचा, "ह्यात इंदुताई कुठं हाईत?"

नीलमनं ते ऐकलं. नव्या वेबसाइटवर सगळ्यात वर, सगळ्यात मोठं बटण आहे : 'इंदुताईंना विचारा'. दाबलं की टेबलावरचा फोन वाजतो.

बटण सुरू झालं त्या सकाळी पहिला फोन मालुबाईंचा होता. त्यांचा आवाज मला आतल्या खोलीत ऐकू आला.

"सापडलीस गं, इंदू!"

इंदुताईंनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. ही दुसरी वेळ.