भरतकामाची उलट बाजू

आमच्या मुलुंडच्या घरात लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा आईच्या भरतकामाचा आहे. जुन्या सुती साडीत गुंडाळलेले अभ्रे, टेबलक्लॉथ, माझ्या बारशाचं झबलं. सगळं उलट बाजू वर करून घडी घातलेलं. कोणा पाहुणीला दाखवायचं झालं तरी आई आधी उलट बाजूच पुढे करते. ‘‘पुढून काय, कोणाचंही बरं दिसतं,’’ असं तिचं म्हणणं. मागे गाठी नकोत, दोऱ्याने लांब उड्या मारलेल्या नकोत, दोऱ्याचं टोक टाक्यांच्या खाली सरकवून दडवलेलं हवं. यात पास झालं तर कपाट, नाहीतर कात्री.

माझं एकही काम त्या कप्प्यात कधी गेलं नाही. शाळेत शिवणाच्या तासाला मी एक रुमाल भरला होता आणि बाईंनी तो नमुना म्हणून वर्गात फिरवला होता. मी नाचत घरी आणला. आईने तो उलटा केला, ‘‘अरे देवा’’ म्हणाली आणि तिथेच उसवायला बसली. मी जात्याच चिडकी, त्या रात्री जेवलेच नाही. आई जात्याच ढिम्म, तिने माझं ताट झाकून ठेवलं आणि रुमाल पूर्ण उसवला. सुई मी तेव्हाच सोडली. त्या कप्प्यात आपलं काहीतरी असावं, ही इच्छा मात्र सुटली नाही. चाळिशी उलटली तरी आई कपाट उघडू लागली की माझं लक्ष तिकडे जायचंच.

आणि गंमत म्हणजे पोटापाण्यासाठी शेवटी मी भरतकामच करते, फक्त सुईशिवाय. अंधेरीचा एक व्यापारी टोप्या, टी-शर्ट, टॉवेल, बाळांची लाळेरी अशा वस्तूंवर मशीनने नक्षी भरून ऑनलाइन विकतो. प्रत्येक नक्षी प्रत्येक वस्तूवर आधी भरायची आणि मग फोटो काढायचे म्हटलं तर त्याचं दुकान कधी उघडणारच नाही. म्हणून मी मॉकअप बनवते. कोऱ्या वस्तूंचे फोटो घ्यायचे आणि फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नक्षीला टाके द्यायचे, दोऱ्याची चमक द्यायची, खाली बारीकशी सावली टाकायची. टोपीच्या गोलाईवर नक्षी वळवायची, टॉवेलच्या लवेत थोडी बुडवायची. हे एकदा नीट बसवलं की पुढचं काम आपोआप होतं. मी नवी नक्षी टाकते, बटण दाबते आणि चहा ठेवायला उठते. चहा उकळेपर्यंत सगळ्या वस्तूंवर ती भरून तयार असते.

हे काम मी जेवणाच्या टेबलावर करते आणि समोर आई भाजी निवडत बसते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला दूरचं लख्ख दिसायला लागलं, पण सुईत दोरा ओवणं काही जमेना. त्या कप्प्यात नवं काही जाणं थांबलं. तेव्हापासून ती मेथी फार वेळ निवडते.

मागच्या पावसाळ्यात मी गुलाबांचा एक अख्खा संच बनवला. व्यापाऱ्याचा व्हॉइस मेसेज आला, ‘‘एकदम झकास, मॅडम! कोणाला कळणारच नाही ना.’’ मी खूश होऊन लॅपटॉप आईकडे फिरवला. तिने चष्मा लावला.

‘‘छान भरलाय गो गुलाब. कोणी केला?’’

‘‘मी.’’

तिने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा गुलाबाकडे. ‘‘उलटा करून दाखव.’’

‘‘आई, ते चित्र आहे. त्याला उलट बाजू नसते.’’

‘‘मग चित्र म्हण ना. भरतकाम कशाला म्हणतेस?’’ असं म्हणून ती मेथीकडे वळली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अख्ख्या अंधेरीला पसंत पडलेलं काम हिला मात्र पसंत नाही! दुसऱ्या दिवशी दुपारी ती आडवी झाल्यावर मी सगळी कामं बाजूला ठेवली आणि त्या गुलाबाची उलट बाजू बनवायला घेतली. त्याचे पैसे कोणी देणार नव्हतं, कोणी ती बघणारही नव्हतं. पाकळ्या उलट केल्या, चमक कमी केली, एका पाकळीतून शेजारच्या पाकळीत जाणारे आखूड दोरे रेखाटले. खरं वाटावं म्हणून एक छानशी गाठही मारली.

चार वाजता आई उठली. मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. तिने स्क्रीनला नाक टेकेल इतकं जवळ जाऊन पाहिलं. रागावली की तिची मालवणी वर येते.

‘‘ही गाठ कित्याक मारलंस?’’

‘‘खरं वाटावं म्हणून.’’

‘‘माझ्या कामात कधी बघितलीस गाठ? उसव ती.’’

त्या एका शब्दाने मला इतका आनंद झाला की चिडायचंच राहून गेलं. चित्र कोणी उसवायला सांगत नाही. मी गाठ काढली. टोक कुठून न्यायचं, कुठल्या टाक्याखाली दडवायचं, ते ती सांगत गेली आणि मी करत गेले. मेथी तशीच पडली होती. मग मी बटण दाबलं आणि संचातल्या सगळ्या वस्तूंना उलट बाजू आली. चुकून तेही फोटो व्यापाऱ्याला गेले. ‘‘मॅडम, हे मागचे कशाला?’’ त्याने विचारलं. आईला बघायला, असं मी कळवलं.

‘‘ह्याची प्रिंट निघते का?’’ आईने संध्याकाळी विचारलं. ‘‘दोन्ही बाजूंनी?’’

शेजारच्या काकूंना दाखवायची असेल, असं मला वाटलं. मी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर रंगीत प्रिंट काढून आणली, पुढे गुलाब आणि मागे त्याची उलट बाजू. आईने कागद हातात घेतला, पुढचा गुलाब बघितलाच नाही, सरळ उलटा केला. दोऱ्याचं टोक दडवलं होतं तिथून अंगठा फिरवला.

‘‘कपाट उघड,’’ ती म्हणाली.

मला रडू आलं आणि इतका उशीर लावला म्हणून तिचा रागही आला. तिने सुती साडीची घडी सोडली आणि अभ्र्यांवर तो कागद ठेवला, उलट बाजू वर करून.