फ्रिजच्या सुरात

गाण्याच्या बाईंचं लहानपण वाफेत गेलं. त्यांच्या आईचं कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान होतं, आणि दुकानाच्या बरोबर वर एक मास्तर गाण्याचा वर्ग चालवायचे. शाळेतून आली की ही पोर चादरींच्या उबदार गठ्ठ्यावर पसरायची. वरून गाणं यायचं, पण छतातून झिरपता झिरपता त्यातले शब्द कुठेतरी अडकून राहायचे. खाली पोचायचा तो नुसता सूर. डोळे मिटायला लागले की तिला वाटायचं, गाणं वाफेसारखंच असणार, धरायला गेलं तर हाताला फक्त ओलावा लागेल.

शेवटी आईनं तिला वर धाडलं. मास्तर मनानं वाईट नव्हते, पण सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावायचे, आणि ती पट्टी असायची त्यांची स्वतःची. हिचा आवाज खालचा, जाडसर. वर चढवला की फाटायचा. मास्तरांनी तिला मागच्या रांगेत उभं केलं आणि हळूच सांगितलं, "तू नुसते ओठ हलव."

कितीतरी वर्षं तिनं निमूटपणे ओठ हलवले. पण मागं उभं राहून तिचे कान तयार झाले. कुणाचा श्वास कुठं तुटतो, कोण घाबरून सूर गिळतं, हे तिला पुढच्यांच्या पाठी बघून कळायला लागलं. पुढं एका म्हाताऱ्या गायिकेनं तिला तिच्या स्वतःच्या पट्टीत गायला बसवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी ती गाता गाता रडली.

ती मुलगी आता स्वतः गाण्याच्या बाई झाली होती, आणि या बाईंकडे एका वेळी एकच जण शिकायला येई. नळदुरुस्तीवाला खाली बसून गायला लागला की त्याचा गळा आवळायचा, म्हणून तो गॅलरीत येरझाऱ्या घालत गायचा. एका लाजऱ्या मुलीला कुणी तोंडाकडे पाहिलेलं खपायचं नाही, तर बाई तिच्या पाठीला पाठ लावून बसायच्या. हा गाण्याचा वर्ग आहे की पोरखेळ, असं शेजारीण विचारायची. दोन्ही, असं बाई सांगायच्या.

मग तिकीटवाल्या ताई आल्या. सगळी नोकरी स्टेशनच्या तिकीटखिडकीत काढून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. बाईंनी पेटीवर सगळ्या पट्ट्या करून पाहिल्या. पेटी एकीकडे, ताई भलतीकडे. सुरांशी आपलं जमत नाही, बाईंनी उगाच डोकेफोड करू नये, असं ताईच म्हणायला लागल्या.

एका दुपारी बाई पाणी आणायला स्वयंपाकघरात गेल्या आणि ताई दारातल्या खुर्चीवर टेकून वाट बघत राहिल्या. उन्हानं खोली पेंगुळली होती. बाई वळल्या आणि तांब्या हातात तसाच राहिला. ताई स्वतःशी गुणगुणत होत्या, आणि तो सूर फ्रिजच्या घुमण्यात असा मिसळला होता की दोन आवाज वेगळे काढता येईनात.

"ताई, कुणाबरोबर गाताय?"

ताई दचकल्या. आपण गात होतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग विचार करून म्हणाल्या, "ऑफिसात माझ्या पाठीमागं पंखा घुमायचा. त्याची सोबत वाटायची. समोरून आवाज आला की वाटतं, आता कुणीतरी ओरडणार."

बाईंनी पेटी झाकून ठेवली. त्या दिवसापासून दोन खुर्च्या स्वयंपाकघरात, फ्रिजकडे पाठ करून. दोघी डोळे मिटून त्या घुमण्यात शिरायच्या, जणू संथ नदीत कमरेपर्यंत उतरल्या आहेत. आठवड्यांमागून आठवडे एकच सूर.

आणि एकदा ताईंचा सूर लागलेला असताना फ्रिज खटकन बंद झाला. बाईंनी श्वास रोखला. सूर हलला नाही. तो रिकाम्या घरात एकटाच उभा राहिला, खालचा, भरीव, आणि बाईंना वाटलं आपण जरा जमिनीपासून सुटलो आहोत.

"बंद झाला का हो?" ताईंनी थांबून विचारलं.

"मघाशीच."

ताई आपल्या गळ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

कार्यक्रमात त्या कधी गायल्या नाहीत. कुंड्यांना पाणी घालताना गातात, असं त्यांची सून सांगते. दर गुरुवारी अजून येतात. वरचा एक सूर जागेवर बसत नाही अजून. बसेल, घाई कुणाला आहे, असं बाई म्हणतात आणि ताईंची खुर्ची फ्रिजपासून जरा लांब, खिडकीकडे सरकवतात.