भरल्या गाडीएवढी वाट

सज्जन माणसाच्या हातून किती नुकसान व्हावं याला काही मर्यादा असते, असं शिरूरला आमच्या घरमालकांशी ओळख होईपर्यंत मला वाटत होतं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. त्यांनी कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. भाडेकरूच्या दारावरून जाताना चुकून आत नजर जाऊ नये म्हणून ते मान इतकी वळवत, की त्यापायी दोनदा जिन्यावरून पडले. पडल्यावरही तसेच भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "काय न्हाई, काय न्हाई. तुमचं चालू द्या."

पाटसकडे साखर कारखान्यात त्यांनी तीस वर्षं वजनकाट्यावर काढली होती. उसाने भरलेली बैलगाडी काट्यावर चढवायची, वजन करायचं आणि पुढे सोडायची. त्यामुळे सगळं जग त्यांना बैलगाडीच्या मापात दिसायचं. बाबांनी लोखंडी कपाट आणलं तेव्हा ते म्हणाले, "अर्ध्या गाडीची जागा खाल्ली की ओ." सणसवाडीला नोकरीला लागलेल्या भाच्यासाठी ते मुलगी बघायला गेले आणि नकार देऊन आले. मुलगी त्यांना फार आवडली होती, पण तिच्या घरासमोर गाडी वळत नव्हती. भाचा मोटरसायकलवरून फिरायचा, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

त्यांचं मूळ गाव कवठे येमाईच्या बाजूला. गावामागच्या डोंगरात एक खिंड होती आणि खिंडीतून एक पायवाट पलीकडे काकूंच्या, म्हणजे आप्पांच्या बायकोच्या, माहेरी उतरायची. डांबरी रस्त्याने एसटी सुरू झाली तशी ती वाट मोडली आणि वेड्या बाभळीने गिळून टाकली. निवृत्त झाल्यावर आप्पांनी जाहीर केलं, की मरायच्या आत या वाटेने एकदा सासरवाडीला जाणार. "लग्नात तुमच्या काकूंना ह्याच वाटेनं गाडीत बसवून आणलं," ते सांगायचे, "झूल घातलेले बैल व्हते."

दोन हजार सालाच्या आसपास, दोन हिवाळे, दर रविवारी आम्ही ती वाट उकरत होतो. गोणपाटात गुंडाळलेले कोयते घेऊन सकाळच्या एसटीने जायचं आणि दुपारी हातापायांतले काटे मोजत परतायचं. दोन शिक्षक होते, एक बँकेतले क्लार्क होते, आणि वेल्डिंगच्या दुकानाचे चाचा होते. चाचांचं घराणं शिरूरमध्ये कित्येक पिढ्यांचं, आणि आप्पांची टिंगल करायचा हक्क फक्त त्यांना होता. मी होते, कारण चार माणसांत मिसळून मी धीट होईन असं बाबांना वाटत होतं. तसं काही झालं नाही. पहिल्याच रविवारी आप्पांनी माझ्या हातात एक लांब बांबू दिला. "ही इंग्लिश मिडियमची पोरगी कुणाशी बोलत न्हाई. मापात लबाडी करायची न्हाई." बांबूची लांबी म्हणजे उसाने भरलेल्या गाडीची रुंदी आणि तिच्या कडेने चालणारा गाडीवान. तो आडवा धरून मी पुढे चालायचे आणि तो अडेल तिथे तोडायचं.

चाचा वैतागायचे. "अहो आप्पा, पायवाट हाय ही. माणूस गेला म्हंजी झालं की!"

"माणूस कसाबी जातोय. गाडी गेली पायजे."

"पर गाडी हाय कुठं? बैल इकून किती वर्षं झाली?"

"तुमी बाभळ तोडा."

खिंडीजवळ तर दगड पहारीने फोडावा लागला. तिथे दोन फुटांची सुबक, पायाखाली गुळगुळीत झालेली जुनी वाट होती. ती आम्ही आमच्या हातांनी मोडून रुंद केली.

त्याच आठवड्यात मी काकूंना मेथी निवडू लागत होते. सहज विचारलं, तुमची गाडी त्या खिंडीतून कशी आली हो? काकू हसल्या. "गाडी कुठली बाई! पायी आले मी. हे पुढं, मी मागं. खिंडीत पाणी प्यायला थांबलो, तवा कुठं ह्यांनी वळून बघितलं."

"मग आप्पा गाडी का म्हणतात?"

"गाडी धाडतो म्हणून माझ्या वडलांना शब्द दिला व्हता. न्हाई जमलं. आजून लाज वाटती त्यांना." त्यांनी जुडी झटकली. "म्हणू दे. ह्यात कुणाचं काय जातंय?"

मलाही तसंच वाटलं. पुढच्या रविवारी मी मुकाट्याने बांबू आडवा धरला. चाचांना एक वाक्य सांगितलं असतं, तर त्यांनी आप्पांना चिडवून चिडवून वाट दोन फुटांवर आणली असती.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी वाट पूर्ण झाली. आप्पा एकदा, एकदाच, काकूंना घेऊन तिने सासरवाडीला गेले. नंतरच्या दिवाळीत डंपर आले. डोंगरात उत्तम मुरूम होता आणि नव्या कारखान्यांच्या प्लॉटवर भराव हवा होता. वर चढायला रस्ता नव्हता म्हणून इतकी वर्षं त्या डोंगराला कुणी हात लावला नव्हता. रस्ता आम्ही दिला. गावाने तर आप्पांना शाल दिली, रस्ता केल्याबद्दल.

बघायला म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले होते. खिंडीच्या खाली डंपर समोर आला. परप्रांतातला पोरगेला ड्रायव्हर खिडकीतून अदबीने म्हणाला, "बाबूजी, ज़रा साइड हो जाओ. गाड़ी का रास्ता है." आप्पांनी माझा दंड धरून मला कडेच्या तरवडाच्या झुडपात ओढलं. डंपर दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून बरोबर मधून गेला. आप्पा त्याच्या टायरांकडे बघत राहिले. धूळ बसल्यावर म्हणाले, "ओव्हरलोड हाय."

त्यानंतर त्यांचे रविवार घरातच जाऊ लागले. आम्हीही पुढे खोल्या सोडल्या.

काही वर्षांनी कवठ्याच्या एसटीत दोघं दिसले. काकूंच्या माहेरी निघाले होते, लांबच्या वळशाने. आप्पांनी मला ओळखलं, नोकरीची चौकशी केली आणि मान खाली घातली. खिडकी काकूंनी घेतली होती. उरलेला अर्धा डोंगर दिसायच्या जरा आधी त्या पुढे सरकून बसल्या, पदर डोक्यावर ओढला आणि काच अडवून त्यांना कुठल्याशा पुतणीच्या बाळंतपणाचं सांगू लागल्या. डोंगर मागे पडेपर्यंत त्या बोलत राहिल्या, आणि आप्पा त्यांच्या तोंडाकडे बघत "व्हय, व्हय" म्हणत राहिले.