समुद्रात फेकलेली शाळा

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगर जिल्ह्यात सुप्याच्या पलीकडं एका खेड्यात मास्तर होतो. शाळेच्या नव्या भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं. मंगळुरी कौलं मागवली होती. ती शिडाच्या गलबतानं किनाऱ्याकिनाऱ्यानं येणार आणि पुढं ट्रकनं, असं व्यापाऱ्यानं कळवलं होतं. मे महिन्यात त्याचं दुसरं पत्र आलं. गलबत कोकणपट्टीत बुडालं, माणसं वाचली, माल गेला.

हेडमास्तरांनी ते पत्र चावडीवर वाचलं. दुष्काळ असा, की टँकर दिसला की गाव त्याला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवी. सरपंच टोपी पडेपर्यंत हसले. "प्यायला घोटभर पानी न्हाई, आन आपली शाळा पान्यात बुडाली व्हय!"

नगरच्या कचेरीला मात्र हसू आलं नाही. छप्पर पुन्हा मंजूर व्हायचं तर नुकसानीचा फॉर्म भरा. त्यात कारणांच्या रकान्यात आग होती, चोरी होती, वादळ होतं. समुद्र नव्हता. "तो आपल्या जिल्ह्यात येत नाही," कारकून म्हणाला. "गलबताच्या तांडेलाचा सहीनिशी जबाब आणा."

सुट्टी होती आणि माझं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा हेडमास्तरांनी मलाच कोकणच्या एसटीत बसवलं.

तांडेल, म्हणजे गलबत हाकणारा नाखवा, साठीचा, काटक. दोन्ही तळहातांना चिंध्या बांधून ओसरीवर बसला होता. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मी चार तांबे रिचवले. "तुमच्याकडे पाणी नाही काय हो?" तिनं काळजीनं विचारलं. मी पाचवा मागितला.

गलबत तांडेलाच्या वडिलांनी बांधलेलं, सागवानी. मीठ, नारळ, कौलं असं सगळं त्यानं वाहिलं. एकदा अख्खं वऱ्हाड नेलं, तेव्हा नवरी सोडून सगळे ओकत होते. हे सांगताना तो हसला, मग बुडण्यावर आला.

"तळाचा सांधा उघडला. उपसून पाणी हटेना. वजन कमी करायचं म्हणून कौलं फेकायला लागलो. सहा माणसं, हातोहात, सकाळपासून ऊन कलेपर्यंत. तुमची शाळा मीच फेकली, मास्तर."

"तरी गलबत बुडालंच?"

"हो. पण होडी सोडायला वेळ मिळाला."

तळव्यांच्या चिंध्या मला तेव्हा कळल्या. पण कचेरीही डोक्यात होती. गलबतवाल्यानंच माल फेकला म्हटल्यावर तिथं कोण ऐकणार? मी हुशारी करून वादळापुढं खूण केली आणि फॉर्म त्याच्यापुढं सरकवला.

त्यानं तो सावकाश वाचला. "वादळ कुठं होतं? समुद्र ताटासारखा सपाट होता."

"नगरला काय कळतंय?"

"मला कळतं ना. लाकूड म्हातारं झालं होतं. डागडुजी मी पुढच्या हंगामावर ढकलली. बापाचं गलबत मी बुडवलं. तसं लिहा, मग सही करतो."

पोरांना शुद्धलेखन शिकवणारा मी, कान धरून उभा केल्यासारखा झालो. फॉर्मच्या पाठीमागं पानभर खरं ते लिहिलं. त्यानं चिंधी सोडून सही केली.

कारकुनानं ते पान शेवटपर्यंत वाचलं, शेजारच्या टेबलावरच्याला वाचायला दिलं. मग दोघांनी बराच खल केला. "लाकूडच खराब झालं ना? मग वाळवी लिहू," असं ठरलं. भर समुद्रात वाळवी लागल्याची तेवढी एकच नोंद नगरच्या दप्तरी असावी.

कौलांऐवजी पत्रे मंजूर झाले. उन्हात वर्गाचा तवा व्हायचा. मी तांडेलाला तसं कळवलं. दिवाळीनंतर त्याचं कार्ड आलं. तो आता दुसऱ्याच्या इंजिनाच्या लाँचवर होता. पगार वेळेवर मिळतो, पण इंजिनाच्या धडधडीत झोप लागत नाही, असं लिहिलं होतं. खाली बायकोच्या वतीनं एक ओळ होती: मास्तरांच्या गावाला पाऊस झाला काय?