वत्सलाबाईचे पाय

माणसं दुसऱ्याच्या घरावर जळतात, दागिन्यांवर जळतात. मखमलाबादच्या कुसाबाईचा मात्र शेजारणीचे पाय पाहून तिळपापड व्हायचा. पंचवटीच्या भाजीबाजारात ती आणि वत्सलाबाई वर्षानुवर्षं शेजारी शेजारी बसत. दोघींकडे मेथी, दोघींकडे कोथिंबीर, आणि अठ्ठ्याण्णव साली दोघींच्या पायांवर सूज आली तीही एकाच हिवाळ्यात. डॉक्टरही एकच. हृदय कमजोर झालंय, म्हणून अंगात पाणी साठतंय, असं सांगून त्यांनी दोघींना लघवी वाढवणारी गोळी दिली. रोज सकाळी घ्यायची.

वत्सलाबाईची सूज उतरली, जोडवी पुन्हा बोटांत बसली. कुसाबाईचे पाय तसेच भोपळ्यासारखे, कारण ती गोळी घेतच नव्हती. घेतली की सारखं उठावं लागे. बायकांची सोय लांब, आणि तेवढ्या वेळात भाजी सोपवायची कुणावर? वत्सलाबाईवर? मग मांजरालाच दुधाची राखण द्यावी की.

पण वत्सलाबाई तर सकाळभर जागची हलत नसे. मग हिचे पाय उतरले कसे? कुसाबाईनं ठरवून टाकलं, हिचा लेक औषधाच्या दुकानात कामाला आहे, त्यानं आईला भारीतली गोळी आणून दिली असणार. विचारायचं तर कमीपणा. म्हणून ती लुगडं ओढून आपले पाय झाकायची आणि शेजारणीच्या नावानं कडाकडा बोटं मोडायची.

एका सकाळी जुड्या बांधता बांधता तिला श्वासच पुरेना. वत्सलाबाईनंच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पाणी फुफ्फुसात चढलं होतं. तेच औषध सुईवाटे दिल्यावर संध्याकाळी छाती जरा मोकळी झाली.

डॉक्टर चिडले होते. "बाजारात बसता हे सांगायचं ना, मावशी. घरी गेल्यावर दुपारी घेतली तरी चालते. आता सावकाश काम करणाऱ्या नव्या गोळ्याही येताहेत. पण पोटात गेल्याशिवाय कुठलीच गोळी काम करत नाही."

ते गेल्यावर खाटेशेजारी बसलेली वत्सलाबाई हळूच म्हणाली, "मी बी हीच गोळी घेते. दुपारची. मी इचारलं व्हतं त्यांना."

"मंग मला का नाय सांगितलं?"

वत्सलाबाई खाटेवरची चादर सारखी करू लागली. "तुझे पाय रोज दिसायचे मला. पण तुझी मेथी माझ्या आधी खपायची. माझं गिऱ्हाईक बी तुझ्याकडं वळायचं. म्हणलं, बसू दे हिला चार दिवस घरी. इतकं व्हईल असं नव्हतं वाटलं गं." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुसाबाईला राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण त्याच्या आधी, धड श्वास घेता येत नसताना, तिला झाला तो आनंदच होता. जिच्यावर आपण इतकं जळलो, ती आपल्यावर जळत होती.

"खरंच आधी खपायची?" तिनं विचारलं.