माझ्या पोस्टने बंद केलेला खड्डा

पावसाळा तोंडावर आला असताना मी नांदेडहून निघाले, ती माझंच लिखाण निस्तरायला. तेलविहिरींचं सांडपाणी खूप खोल, दाबाने जमिनीत सोडलं की जुन्या भेगांवरचे खडक सुटतात, घसरतात आणि भूकंप होतो, असं मी मागे लिहिलं होतं. मथळ्यात मात्र खोली नव्हती आणि दाबही नव्हता. ती पोस्ट फिरत फिरत अहमदपूरजवळच्या एका गावात पोचली आणि मुक्ताताई नावाच्या शेतकरी बाईंनी बोअरचा पुनर्भरण खड्डा फरशी टाकून बंद केला. तो खड्डा बांधणाऱ्या रशीदभाईंनीच मला फोन केला.

जाणार असाल तर लोह्यामार्गे एसटी बरी. बायकांना अर्धं तिकीट. अहमदपूरच्या स्टँडसमोर मुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली. त्यातली मिरची जपून खा. रशीदभाई मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद करून मला गाडीवर मुक्ताताईंकडे घेऊन गेले.

खड्डा साधाच होता. गोटे, वाळू, मधोमध छिद्रं पाडलेला पाइप. पावसाचं पाणी गाळून आपसूक खाली उतरतं; पंप नाही, दाब नाही. मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. मुक्ताताई म्हणाल्या, त्यांना भीती नव्हतीच. पण मागे जमिनीतून गुरगुर ऐकू आली, तेव्हापासून शेजारची सुनीता तान्हं लेकरू घेऊन अंगणात पत्र्याखाली निजायची. फरशी टाकली ती तिच्यासाठी.

आम्ही तिच्याकडे गेलो. तिने सगळं शांतपणे ऐकलं.

"मग ताई, हादरा बसणारच न्हाई, असं लिहून देता का?"

देता येत नव्हतं. या खड्ड्याने बसणार नाही, एवढंच माझ्या हातात होतं. जमिनीची हमी भूकंप सोसलेल्या लातूर जिल्ह्यात कोण देणार? मी तसं खरं खरं सांगितलं, आणि तिने लेकराला जवळ ओढलं.

"ऱ्हाऊ द्या खड्डा बंदच," मुक्ताताई म्हणाल्या. "तिला झोप तर लागू द्या."

मी म्हटलं, उन्हाळ्यात बोअर आटेल. त्यांनी मान डोलावली आणि आम्हाला जेवायला बसवलं. भाकरी आणि ठेचा होता.

घरी येऊन पोस्ट दुरुस्त केली. दुरुस्ती कुणी पुढे पाठवत नाही, हे आता कळलं. परवा तिकडे धो धो पाऊस पडल्याचं वाचून फोन लावला. मुक्ताताई म्हणाल्या, सगळं पाणी नाल्याने गेलं. मी भीत भीत सुनीताचं विचारलं.

"घरात झोपायली की आता. लेकरूबी झोपायलंय."

"बरं झालं," मी म्हटलं. ते खरंच होतं, आणि तरी मला रडू आलं.